वारा ताशी 45

मालवणच्या राजकोट किल्ल्यावरचा छत्रपतींचा पुतळा 26 ऑगस्ट 2024 रोजी भरदुपारी कोसळला आणि या प्रकरणात वाऱ्याचा हात असल्याचं त्याच दिवशी निष्पन्न झालं. तेव्हाचे मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी आरोपीचा वेगही सांगून टाकला: ताशी 45 किलोमीटर. महाराष्ट्रात इतक्या झटपट छडा लागलेला गुन्हा मला आठवत नाही. फक्त ओळखपरेडला आम्हा तारकर्लीकरांना बोलवायला हवं होतं. हा इसम आमच्याकडे पावसाळाभर पडीक असतो.

दर्यावर्दी लोकांच्या बोफर्ट मापात 45 चा वारा सहाव्या पायरीवर बसतो. त्या पायरीपुढे नोंद अशी की झाडांच्या मोठ्या फांद्या हलतात, तारा शिट्टी घालतात, छत्री सांभाळणं जड जातं. 35 फुटी पुतळ्याबद्दल अक्षर नाही. शेजारचे आबा जन्मभर रापण ओढत आले, त्यांना बोफर्ट ठाऊक नाही. ते एवढंच म्हणाले, "पुतळो पडलो त्या दिसा माज्या माडावरचो एक नारळ पडूक नाय." मी त्यांना समजावलं, आबा, माडाची निविदा निघत नाही.

या पुतळ्याशी तारकर्लीचं नातं जवळचं. 4 डिसेंबर 2023 चा नौदल दिन आमच्याच किनाऱ्यावर झाला. युद्धनौका आल्या, हेलिकॉप्टरं घोंघावली, पंतप्रधान आले. नौदल अधिकाऱ्यांच्या खांद्यावर आता शिवरायांच्या आरमाराची खूण येणार, ही घोषणा इथल्याच वाळूवर झाली आणि पुतळ्याचं अनावरण त्याच दिवशी तिकडे राजकोटला. त्यानंतर नऊ महिनेही पुरे झाले नाहीत. मधे एक पावसाळा आला, एवढंच. तो दरवर्षी येतो, पण त्याची पूर्वसूचना बहुधा मंत्रालयात पोचली नसावी.

पुढे माफीचा हंगाम सुरू झाला. आधी अजित पवारांनी मागितली. मग 30 ऑगस्टला पंतप्रधानांनी पालघरच्या सभेत मागितली. पालघर ते मालवण हे अंतर असं आहे की माफी त्याच ताशी 45 च्या वाऱ्यावर सोडली तरी पोचायला नऊ-दहा तास लागावेत. मागितली हे मात्र खरं, आणि मागितलेली माफी मोजून घ्यावी, आपल्याकडे ती रोज मिळत नाही. जबाबदारी तेवढी पन्हळीच्या पाण्यासारखी उताराकडे गेली आणि शिल्पकार नि बांधकाम सल्लागार या दोघांपाशी साचली. दोघांना अटक झाली. त्याच्या वर कौलं कोरडी.

विरोधकांनीही कसर ठेवली नाही. तेव्हाचे आमदार वैभव नाईक मालवणच्या बांधकाम खात्यात शिरले आणि तिथे तोडफोड झाली. 28 तारखेला आदित्य ठाकरे आणि नारायण राणे एकाच वेळी किल्ल्यावर पोचले, दोघांचे कार्यकर्ते भिडले. इतक्या शतकांनी मालवणात गड लढवला गेला, तोही मराठ्यांनीच मराठ्यांविरुद्ध. इतिहासाचा मान राखायचा तर असाच राखावा.

या सगळ्या गदारोळात एक माणूस खरं बोलला आणि नेमक्या त्याच्यावर आम्ही सगळे तुटून पडलो. तेव्हाचे मंत्री दीपक केसरकर. वाईटातून काही चांगलं घडायचं असेल, इथे आणखी भव्य पुतळा व्हावा, अशा आशयाचं ते बोलले होते. काय संतापलो आम्ही! आणि झालं काय? 11 मे 2025 ला त्याच जागी शिल्पकार सुतार पितापुत्रांच्या हातचा 60 फुटी पुतळा उभा होता आणि मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस त्याचं पूजन करत होते. आमच्या जिल्ह्यात नेत्याचा शब्द असा खरा झाल्याचं दुसरं उदाहरण शोधून मी थकलो. केसरकर राष्ट्रवादीतून शिवसेनेत आणि तिथून शिंदे यांच्या शिवसेनेत गेले म्हणून त्यांच्या शब्दावर शंका घेणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

नवा पुतळा शंभर वर्षं टिकेल, असं सांगण्यात आलं. त्याच्या पहिल्याच पावसाळ्यात चबुतऱ्याशेजारची जमीन खचली, पण चबुतऱ्याला धक्का नाही, असा खुलासाही लगोलग आला. मला इथे शंभर या आकड्याचं कौतुक वाटतं. 2125 साली हिशेब मागायला मी नसेन, द्यायला ते नसतील. वायदा करावा तर असा. मुंबई-गोवा महामार्गवाल्यांचं इथेच चुकलं. 2011 पासून काम चालू आहे आणि दरवेळी 'येत्या गणपतीआधी' म्हणतात. गणपती पडला शिस्तीचा देव, दरवर्षी येऊन खड्डे बघून जातो. सावंतवाडीच्या रेल्वे टर्मिनसचं भूमिपूजन 2015 चं, तिथे निदान तारखांचा घोळ घातलेला नाही. चिपीच्या विमानतळाची तऱ्हा वेगळी. 5 मार्च 2019 ला उद्घाटन झालं, विमान आलं नाही. 9 ऑक्टोबर 2021 ला विमान आलं, तेव्हा उद्घाटन पुन्हा. त्या दिवशी उद्धव ठाकरे आणि नारायण राणे एका मंचावर बसून एकमेकांना टोमणे मारत होते. विमान बिचारं वेळेवर उतरलं.

समुद्रावरही तीच तऱ्हा. एलईडी दिवे लावून मासेमारी करायला केंद्राने 2017 मध्ये बंदी घातली. पारंपरिक मच्छीमार अजून निवेदनं देतायत आणि रात्री समुद्राकडे बोट दाखवतायत. आबा म्हणतात, बंदी आहे म्हणूनच एवढा उजेड, लपायचं असतं तर अंधार केला असता.

एवढ्यावर विश्वास उडायला हवा होता, नाही का? पुतळा पडल्यावर तीन महिन्यांच्या आत विधानसभा निवडणूक झाली. राजकोट आणि तारकर्ली दोन्ही कुडाळ मतदारसंघात. निलेश राणे ऑक्टोबरमध्ये भाजपातून शिंदे यांच्या शिवसेनेत आले, नोव्हेंबरमध्ये आठ हजारांच्या वर मतांनी निवडून आले, आणि बांधकाम खात्यात शिरलेले नाईक घरी बसले. आता वडील नारायण राणे भाजपचे खासदार, धाकटा मुलगा भाजपचा मंत्री, थोरले निलेश शिवसेनेचे आमदार. इकडे जमिनीचे हिस्से असेच पाडतात, वाद नको म्हणून. तरी 2025 च्या मालवण नगरपरिषद निवडणुकीत या आमदारांनी मित्रपक्षाच्याच कार्यकर्त्याच्या घरी जाऊन तिथे पैसे सापडल्याचा आरोप केला, मित्रपक्षाने तो झटकला. दोघांचा एकमेकांवर भरोसा नाही. आम्ही मात्र दोघांवर ठेवायचा, कारण युती आहे.

गणपतीला मिसिसागाहून आमचा भाचा आला होता. त्याच्या मते ही सगळी आपल्या लोकांची खोड. कॅनडात म्हणे लोकांचा विश्वास गेला की पंतप्रधान जातो, ट्रूडो नाही का गेले? मी म्हटलं, गेले, जानेवारी 2025 मध्ये जातो म्हणाले. पण 2015 मध्ये त्यांनी निवडणुकीची पद्धत बदलण्याचं वचन दिलं होतं, 2017 मध्ये ते सोडून दिलं. नीतिमत्तेच्या आयुक्ताने त्यांना 2017 मध्ये आणि 2019 मध्ये कायदा मोडल्याचं दाखवून दिलं आणि त्यानंतर दोन निवडणुकांत तुम्ही त्यांनाच निवडून दिलंत. ते गेल्यावरही सरकार त्यांच्याच पक्षाचं आलं. भाचा म्हणाला, पण मामा, आमच्याकडे आयुक्त तरी आहे. हे बाकी खरं. त्याच आयुक्तालयाने तिथल्या अर्थमंत्र्यांना फ्रान्समधल्या बंगल्याची कंपनी जाहीर न केल्याबद्दल 200 डॉलर दंड केला होता. अर्थमंत्री म्हणजे बजेट सांभाळणारा माणूस, त्याला ते झेपलं असावं.

भाचा हट्टाला पेटला. कॅनडात कंपन्या घरोघर फोन करून विचारतात, नेत्यांवर तुमचा किती विश्वास, शून्य ते दहा. आबा जाळं शिवत ऐकत होते. त्याने त्यांनाच विचारलं, आबा, तुम्ही किती द्याल?

"मत मागूक इले, मत दिला," आबा म्हणाले. "विश्वास मागूक कोण इलोच नाय." मग सुई दातात धरून त्यांनी त्याला न्याहाळलं. "आणि तो फोन करणारो मालवणाक येतलो काय? सीझनाक आमची एक खोली रिकामी आसा."