वाडा आणि बंगली

अकोल्याहून भंडारदऱ्याकडे निघालं की वाटेत राजूरची पेठ लागते. पेठेच्या गावाला एक वाडेवाले नाना असतातच. राजूरचे नाना इतर गावांच्या नानांपेक्षा थोडे ओलसर, एवढाच काय तो फरक. डांगाणातला पाऊस वाडा आणि झोपडी बघून पडत नाही.

नानांना 'तुमचं घर कुठं?' असं विचारायचं नाही. घर लोकांना असतं, नानांना वाडा आहे. आता तो पाऊण पडलाय, दोन खण भाऊबंदांच्या वाट्याला गेलेत आणि माडीचा जिना माडी यायच्या आधीच संपतो. पण दिंडीदरवाजा शाबूत आहे, आणि नाना प्रत्येक पाहुण्याला त्यातून वाकवूनच आत नेतात. शेजारची भिंत कधीच ढासळली. तिथून ताठ मानेनं आत जाता येतं. पण तिथून फक्त कुत्री जातात.

समोर तात्यांनी, म्हणजे चुलतभावानं, मुंबईची नोकरी संपवून दुमजली बंगला बांधला. नाना त्याला 'बंगली' म्हणतात. फरक काय, असं विचारलंत तर तुमची दुपार गेलीच म्हणून समजा.

"वाड्यात अंगण घराच्या पोटात असतं. बंगल्याचं घरच अंगणात उघडं पडलेलं, जत्रेत चुकलेल्या पोरागत. आणि शब्द तरी आपला आहे का? बंगालचा तो! पेशव्यांनी 1730 साली पाया घातला तो शनिवारवाड्याचा. शनिवारबंगला ऐकलाय कधी?"

"तो 1828 साली जळाला," तात्या गॅलरीतून म्हणतात. "आता लोक तिकीट काढून जोती बघतात."

तिकिटाचा मुद्दा नानांना अपमान वाटत नाही. उलट काजव्यांच्या दिवसांत मुंबई-पुण्याच्या गाड्या भंडारदऱ्याकडे धावू लागल्या की वाड्याला तिकीट किती ठेवावं, याचा ते बारकाईनं विचार करतात.

नानांचा हा वाडाही समोर कोण उभं आहे ते बघून आकार बदलतो. मुलाच्या सोयरिकीला आलेल्यांसमोर तो चौसोपी असतो. भाऊबंद वाटणीचं बोलले की 'पडकं खोपटं, त्यात वाटायचं काय?' आणि ग्रामपंचायतीत घरपट्टीची आकारणी निघाली की नाना स्वतः जाऊन बजावतात : "मातीची इमारत लिहा. दगड-विटा दिसतात, पण मन मातीचंच आहे." पंचायतीच्या नमुना आठमध्ये झोपडी, पक्की इमारत, आरसीसी अशा साऱ्यांना जागा आहे. वाडा आणि बंगला हे दोन्ही शब्द तिथं नाहीत. या एका बाबतीत नाना आणि तात्या सरकारवर सारखेच खूश आहेत.

खरी पंचाईत डांगी जनावरांच्या प्रदर्शनात झाली. वरच्या वाडीचा एक म्हातारा आपला काळा-पांढरा वळू घेऊन आला होता. डांगीची कातडी तेलकट, पाऊस अंगावरून निथळून जातो, नाना कौतुकानं हात फिरवत म्हणाले, "आमचाही वाडा आहे बरं का, पेठेत."

"आस्सं? किती शेरडं हायेत?"

नानांनी तीन पिढ्यांचा इतिहास सांगितला. म्हातारा शांतपणे ऐकून म्हणाला, "म्हंजी रिकामाच हाये म्हना की वाडा."

ते ऐकून तात्या आठवडाभर हसत होते. मग त्यांना काय सुचलं कोण जाणे, त्यांनी फाटकावर ग्रॅनाइटची पाटी लावली : 'तात्यांचा वाडा'. नाना तरातरा भांडायला गेले. आरसीसीला वाडा म्हणायचं, म्हणजे म्हशीला पैठणी नेसवायची, असं बरंच बोलले. भांडण तासभर चाललं, मध्ये चहा झाला, आणि नाना आत जाऊन आले.

तेव्हापासून नाना रोज सकाळी साडेसहाला तात्यांचं फाटक उघडतात. गुडघ्यांमुळे त्यांना उकिडवं बसवत नाही, आणि वाड्यातला संडास जुन्या पद्धतीचा. येताना चेहऱ्यावर समाधान असतं, पण पाटीसमोर ते थांबतात आणि वर गॅलरीला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणतात, "बंगली ती बंगलीच. कमोड तेवढा बरा बसवलाय."