छानसं काहीतरी

चॅटजीपीटी ३० नोव्हेंबर २०२२ ला आलं आणि पाठोपाठ एक नवी जमात उगवली. प्रॉम्प्टगुरू. पाचशे तयार प्रॉम्प्टची पीडीएफ, आज रात्री बारापर्यंत निम्म्या किमतीत. उघडावी तर पहिलंच वाक्य, ‘तू वीस वर्षांचा अनुभव असलेला जागतिक कीर्तीचा तज्ज्ञ आहेस.’ यंत्राला हरभऱ्याच्या झाडावर चढवलं की ते शहाणं होतं, अशी समजूत. चढवून बघा. सूर तेवढा भारदस्त होतो, अक्कल होती तेवढीच राहते. मंत्रात अगदीच दम नाही असंही नाही. ‘पायरीपायरीने विचार करू’ एवढं जोडलं की तेव्हाची मॉडेलं गणितात कमी चुकायची, हे संशोधकांनी २०२२ मध्येच दाखवलं होतं. पण आपलं घोडं गणितात पेंड खात नाही.

सोसायटीचे सेक्रेटरी मोबाइलवर टाइप करतात, ‘पाण्याबद्दल छानशी नोटीस लिही.’ झालं! ‘सर्व सन्माननीय सभासदांना सविनय कळविण्यात येते की, पाणी हेच जीवन आहे...’ चार परिच्छेद, तळाला ‘आपल्या सहकार्याची अपेक्षा’. पाणी कधी जाणार, याचा पत्ता नाही. मग सेक्रेटरीसाहेबांचा निकाल, एआय बोगस आहे. अहो, टाकी मंगळवारी धुणार हे तुम्ही त्याला सांगितलंत कधी? ‘बी विंग, मंगळवारी सकाळी दहा ते चार पाणी बंद, आदल्या रात्री भरून ठेवा, चार ओळी, साधं मराठी, सुविचार नको’ एवढं टाका, नोटीस लिफ्टशेजारी डकवण्याजोगी येते. (एवढं टाइप केल्यावर ती जवळजवळ लिहून झालेलीच असते, हा भाग वेगळा.) गेल्या वर्षीची बरी नोटीस नमुना म्हणून चिकटवलीत, तर पाच विशेषणांचं काम ती एकटी करते. आणि पहिलं उत्तर आलं की लगेच कॉपी मारून मोकळं व्हायचं कशाला? ‘दुसरी ओळ काढ’ म्हटलं तर ते काही रुसत नाही.

नेमकं सांगणं आपल्याला जमत नाही म्हणावं, तर रविवारच्या पुरवणीतली वधूवरांची जाहिरात वाचा. ‘उच्चशिक्षित, निर्व्यसनी, पुण्यात स्वतःचा फ्लॅट, मंगळ नको, परदेशस्थ क्षमस्व.’ शब्दागणिक पैसे मोजायचे असले की काय हवं आणि काय नको, सगळं लख्ख सुचतं. चॅटची खिडकी फुकट, म्हणून तिथे ‘छानसं काहीतरी’.

तरी नेमकेपणाचंही कौतुक बेतानंच करावं. न्यूयॉर्कच्या एका वकिलाने विमान कंपनीविरुद्धच्या दाव्यासाठी चॅटजीपीटीकडून निवाडे मागवले. आले, पक्षकारांच्या नावांसकट. शंका आली तेव्हा त्याने त्यालाच विचारलं, खरे आहेत ना? ते म्हणालं, खरे आहेत. प्रश्न सुटसुटीत होता, गुरूंनी पैकीच्या पैकी गुण दिले असते. त्यातले सहा निवाडे कुठल्याच कोर्टाने कधी दिलेले नव्हते. जून २०२३ मध्ये न्यायाधीशांनी ५,००० डॉलर दंड ठोकला, दोन वकील आणि त्यांची फर्म मिळून. चॅटजीपीटीला साधं समन्ससुद्धा निघालं नाही.