तांबेऱ्याचे सर

कृषी महाविद्यालयाच्या प्रत्येक गावात तांबेऱ्याचे एक तरी सर असतात. निवृत्त झालेले, खिशात भिंग बाळगणारे, आणि कुणी नुसतं 'बीजाणू' म्हटलं की कपाळाला आठी घालणारे. "कुठला बीजाणू?" गव्हाचा काळा तांबेरा एकटा पाच तऱ्हेचे बीजाणू धरतो, अवस्था शून्य ते चार. सख्ख्या भाच्यांच्या नावात गफलत करणारे सर या पाचांत कधी चुकत नाहीत.

सकाळीच एखादा शेतकरी गव्हाचं पान घेऊन दारात येतो. "सर, तांबेरा पडलाय. काय फवारू?" सर फोडावरून अंगठा फिरवतात. अंगठ्याला विटकरी भुकटी.

"युरेडिनिओस्पोअर! पूर्वी युरेडोस्पोअर म्हणायचे. तू म्हणू नकोस." त्याचा तसा काही विचार नसतो. "एकपेशी, अंगभर काटे, वाऱ्यावर कुठल्या कुठं जातो. पीक पक्व व्हायला लागलं की टेलिओस्पोअर धरतील. दोन पेशी, जाड कवच, काळपट!"

"मग तोवर थांबू का?"

सर मोहात पडतात. मग नाइलाजाने औषधाचं नाव सांगतात.

सरांचं खरं दुःख निराळं आहे. काळ्या तांबेऱ्याचं जीवनचक्र दारुहळदीच्या जातीतल्या बार्बेरीवर जाऊन पुरं होतं, हे 1865 साली डी बारी यांनी युरोपात दाखवलं. आपल्याकडे मात्र बार्बेरीवाचून त्याचं काही अडत नाही. उन्हाळा तो डोंगरात काढतो आणि वाऱ्याबरोबर मैदानात उतरतो, हे आग्र्याच्या के. सी. मेहतांनी सिद्ध केलं. सर मेहतांना मानतात, पण जरा रागही धरून आहेत. बार्बेरीवर धरणारे, जन्मभर फळ्यावर काढलेले ईसिओस्पोअर गव्हाच्या नावावर त्यांना बघायला मिळाले नाहीत ते नाहीतच.

ती भूक ते बाजरीवर भागवतात. तिच्या तांबेऱ्याची ही अवस्था वांग्यावर येते. शेजाऱ्याच्या परसातल्या वांग्याच्या पानाखाली इवलेसे पिवळे पेले दिसले, त्या दिवशी सरांनी पेढे वाटले. शेजाऱ्याने ते घेतले नाहीत.

घरी थंडीत बाजरीची भाकरी आणि भरीत एकदम आलं की सरांचा घास हातातच राहतो. "बघ, तांबेऱ्याचे दोन्ही यजमान एका ताटात!"

"तिसरे यजमान बोलत बसलेत," वहिनी म्हणतात, "भाकरी गार होतेय."