पाचाची पत

मोहगावात हल्ली सोयरिकीला गेलं की शेती किती, संत्र्याची झाडं किती, हे विचारून झाल्यावर तिसरा प्रश्न येतो, "वायफाय पाचावर हाय का दोन पॉइंट चारवर?" दोन पॉइंट चार म्हटलं की पाहुण्यांचा पोह्याचा घास घशात अडकतो. मुलीच्या बापाला मग सावरून घ्यावं लागतं, "पुढच्या महिन्यात पाचावर नेतो."

हिशेब साधा आहे. पाच मोठा, दोन पॉइंट चार लहान. एकर, पगार, मांडवातला डीजे, सगळीकडे जास्त ते चांगलं. मग वायफायनंच काय घोडं मारलंय?

आता लहरींचा कारभार थोडा उलटा आहे, पण ते ऐकायला वेळ कुणाला? २.४ गिगाहर्ट्झची लहर सुमारे साडेबारा सेंटिमीटर लांब, पाचाची जेमतेम सहा. पाचाच्या पट्ट्यात जागा ऐसपैस, म्हणून वेग दांडगा. पण भिंत आली की दम तुटतो. २.४ जरा सावकाश, पण दोन भिंती ओलांडून मागच्या खोलीपर्यंत पोचतो. बाजार लाइनीत घराला घर खेटून असेल तर गोष्ट वेगळी. तिथं २.४ मध्ये एकमेकांत न घुसणारे चॅनल १, ६ आणि ११ असे तीनच, आणि अख्खी लाइन त्यांच्यावर तुटून पडलेली. तिथं वायफायच्या डब्याच्याच खोलीत बसून पाच वापरा, खुशाल वापरा.

पण आमच्या मामाजींचं घर बाजार लाइनीत नाही. दोन फुटांच्या मातीच्या भिंती, मधल्या खोलीत पत्र्याची धान्याची कोठी, तिच्याशेजारी लोखंडी आलमारी, आणि डबा टांगलेला ओसरीत दाराच्या वर, कारण वायरवाल्या पोराची वायर तिथंच संपली. नागपूरहून सुटीवर आलेल्या चिरंजीवांनी ‘जुनाट’ म्हणून २.४ बंदच करून टाकला. त्याच घटकेला फाटकावरचा कॅमेरा गेला, प्रिंटर गेला, मामींचा जुना मोबाइल गेला, कारण या मंडळींना पाच कळतच नाही. मामी ओरडल्या, "अवो, कॅमेरा बंद पडला!" मामाजी ओसरीतल्या खुर्चीवरून म्हणाले, "पडू दे. वायफाय पाचावर हाय नं!" तेव्हापासून सारं घर त्या एका खुर्चीभोवती नांदतं. नातवाचा ऑनलाइन क्लास तिथं, सुनेची व्हिडिओ कॉलवरची माहेरची बोलणी तिथं, सासऱ्यासमोर. संत्र्याची तोड झाली की ओसरीत क्रेटची थप्पी लागते, पाण्यानं भरलेल्या फळांची, आणि मग पाच त्या खुर्चीपर्यंतही पोचत नाही. मामाजी क्रेट सरकवतात. पट्टा बदलत नाहीत.

दोन पट्ट्यांवर जगायला आम्हाला कुणी शिकवायला हवं होतं का? नोव्हेंबर १९५६ मध्ये नागपूर मुंबई राज्यात गेलं, राजधानी भोपाळला गेली आणि आम्ही इकडे मध्य प्रदेशात राहिलो. चुलीपाशी मराठी, तहसिलीत हिंदी. कुठं काय चालतं हे शेंबड्या पोरालाही कळतं. तहसिलीतली हिंदी भारी म्हणून कुणी आजीशी हिंदीत बोलत नाही.

माझा राग मामाजींवर नाही. राग आहे तो त्या वायरवाल्या पोराच्या शेवटच्या दोन मिनिटांवर. डबा टांगून झाला की तो त्याच्या खाली हातभर अंतरावर उभा राहतो, स्वतःचा महागडा मोबाइल काढतो, वेगाचा काटा सर्रकन वर जातो, "देखो काकाजी, पूरा आ रहा है," आणि सही घेऊन पसार. अरे, दाराखाली उभं राहून कुणी नेट वापरतं का? मागच्या खोलीत जा, कोठीमागं उभा राहा, न्हाणीच्या दारात उभा राहा आणि मग दाखव काटा! डबा मधल्या खोलीत टांगायला दहा मीटर वायर लागते. तेवढी वाचवायची आणि वर पाचाचा तोरा मिरवायचा. त्यातून प्लॅन विकलेला चाळीस एमबीपीएसचा. एवढं तर जवळच्या खोलीत म्हातारा २.४ सुद्धा पेलतो. पाचाचा वेग मग कशाला, चाळीसचं चाळीसच मिळवायला? तक्रार करा, तर फोनवरची बाई गोड आवाजात विचारते, "सर, आपने राउटर बंद करके चालू किया?"

परवा तोच पोरगा नवा डबा घेऊन मामाजींकडे आला होता. "काकाजी, अब वायफाय सिक्स आ गया." सहा ही पिढी आहे, पट्टा नव्हे, तो डबाही २.४ आणि पाचावरच चालायचा. पण मामाजींचे डोळे चमकले.

"घेतो," म्हणाले, "पण आधी सांग, सात कधी येते?"