सहा पॉइंट दोन

परंड्यात बसस्थानकापासून किल्ल्याच्या दरवाजापर्यंत कुणालाही विचारा, ‘सहा पॉइंट दोन’ कुठं भेटेल? लोक चहाच्या टपरीकडं बोट दाखवतील. पाळण्यातलं नाव आता आधार कार्डापुरतं उरलंय. गडी मेकॅनिकलचा. एम-थ्री, म्हणजे तिसऱ्या सेमिस्टरचं गणित, राहत राहत एकदाचं सुटलं, पदवी हातात आली, सीजीपीए निघाला 6.2, आणि त्याच संध्याकाळी त्याला पुढं शिकण्याची ओढ लागली. वर्गात असताना ती कधी फिरकली नव्हती.

गंमत म्हणजे ज्यानं चार वर्षं गणिताला हूल दिली, तो या एका आकड्यापायी पक्का गणिती झाला. पाहुण्यांसमोर तो आकड्याला दहानं गुणतो: 62 टक्के, फर्स्ट क्लास. एआयसीटीईचं सूत्र आधी पाऊण वजा करून मग दहानं गुणायला सांगतं. त्यानं 54.5 येतात, म्हणून ते सूत्र घरात काढायचं नाही. अमेरिकेच्या चाराच्या मापात सरळ त्रैराशिक मांडलं तर 2.48, आणि तिथं बऱ्याच ठिकाणी दारातच 3.0 मागतात. एनआयटीत एम.टेक. करावं तर तिथल्या प्रवेशाच्या समुपदेशनाला, सीसीएमटीला, खुल्या गटातून 6.5 लागतात. ‘पॉइंट तीननं गेली,’ असं तो सांगतो, ९९ वर धावचीत झालेल्या फलंदाजाच्या चेहऱ्यानं.

जर्मनीनं मात्र त्याला भुलवलं. तिथं 1 म्हणजे सर्वोत्तम आणि 4 म्हणजे काठावर पास. आपले गुण त्या मापात बसवायला ‘सुधारित बव्हेरियन सूत्र’ आहे: कमाल गुणांतून आपले वजा करा, कमाल आणि उत्तीर्णतेच्या गुणांमधल्या फरकानं भागा, तिनानं गुणा, एक मिळवा. 6.2 चे झाले 2.9. यानं हे ओसरीवर मोठ्यानं जाहीर केलं. चुलते म्हणाले, “आरं, सहाचं दोनवर आलास? आजून किती खाली जाणार हाईस?” मग त्यानं तेच सूत्र उलटं फिरवून जिथं 2.5 ची अट आहे तिथं सीजीपीए बरोबर 7 पाहिजे, हेही काढलं. एम-थ्रीच्या सरांनी हे पाहिलं असतं तर जागच्या जागी पास केला असता.

तिकडच्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत फी नाहीच्या बरोबर, हे ऐकून घरचे खुशीत होते. तेवढ्यात ‘ब्लॉक्ड’ खात्यात वर्षाच्या खर्चाचे 11,904 युरो दाखवावे लागतात हे कळलं. वडिलांनी आधी युरोचा भाव विचारला, मग सोयाबीनचा, आणि उठून रानात गेले.

खरी करामत त्याच्या एसओपीत, म्हणजे अर्जासोबतच्या निबंधात. सगळे ‘लहानपणापासून मला यंत्रांची आवड’ लिहितात, यानं तोफ आणली. मुलूख-मैदान तोफ 1549 साली अहमदनगरला ओतली, पुढं परंड्याच्या किल्ल्यात आली आणि 1632 मध्ये विजापूरला गेली. ती धातुविद्या, ते वजन, ती वाहतूक, यावर पान भरलं. “तिनं परंडा सोडलं तवा तिला कुणी सीजीपीए इचारला व्हता का?” हे मात्र एसओपीत नाही, टपरीवर आहे. एम-थ्रीच्या खुलाशात आधी डेंग्यू होता, मग भारनियमन, मग दुष्काळ. तालुक्यावरची सगळी संकटं तिसऱ्या सेमिस्टरलाच आली होती, असं वाचणाऱ्याला वाटावं. माझं मत विचाराल तर ‘तेव्हा अभ्यास केला नाही, नंतर केला’ एवढी एक ओळ पुरे. गुणपत्रिका समोर असणाऱ्यांपुढं हवामानाचा अंदाज कशाला? पण त्याला ते फार उघडं वाटतं. त्यापेक्षा गुणांचा आलेख बरा. आलेख तिसऱ्या सेमिस्टरच्या खड्ड्यापासून सुरू होतो, म्हणजे पुढचा चढ डोळ्यांत भरतो. पहिली दोन सेमिस्टर कागदाच्या बाहेर.

शिफारसपत्रं तीन हवी होती. तिन्ही सर म्हणाले, “तूच टाइप करून आण, सही करतो.” तेव्हा स्वतःची स्तुती तीन वेगवेगळ्या माणसांच्या तोंडून करण्याची वेळ आली. पहिल्या पत्रात तो मेहनती झाला, दुसऱ्यात प्रतिभावान. तिसऱ्यात तिन्ही सर एकाच सुरात बोलतायत अशी शंका आली, म्हणून त्यानं खरेपणासाठी ‘कधीकधी गरजेपेक्षा जास्त अभ्यास करतो’ असा दोष घातला. सरांनी सही करता करता तेवढी ओळ खोडली.

उत्तरं अजून यायची आहेत. गेट परीक्षेचा स्कोअर तीन वर्षं चालतो, त्यामुळं घाई नाही, असं तो म्हणतो. दरम्यान गावातली पोरं आणि पोरांचे बाप गुणपत्रिका घेऊन त्याच्याकडं येऊ लागलेत. सीजीपीएचे टक्के काढून दे म्हणतात. तो चहा सांगतो, कॅल्क्युलेटर काढतो आणि पहिला प्रश्न विचारतो, “कशासाठी पायजेत? ॲडमिशनसाठी, का सोयरिकीसाठी?”