फुकटाचे सात दिवस

ॲपवाल्यांइतका उदार माणूस सध्या शोधून सापडायचा नाही. सात दिवस सगळं फुकट. फक्त आठव्या दिवसाच्या ऑटोपेला आजच मंजुरी द्यायची. त्यातही ॲपलच्या पंचांगात सात म्हणजे सहाच, कारण ट्रायल रद्द करायची तर मुदतीच्या २४ तास आधी. 'सुरू करा' हे बटण हिरवंगार, अंगठ्याएवढं. 'रद्द करा' सेटिंग्जच्या तळघरात, फिकट राखाडी. ॲप उडवलं की सुटलो असं मानणारे भाबडे. ॲप जातं, वर्गणी राहते.

गूगलकडे पूर्वी विकत घेतलेलं ॲप २४ तासांत परत करता यायचं. २०१० मध्ये मुदत १५ मिनिटांवर आली, २०१४ मध्ये मेहेरबानीने दोन तास झाली.

सरकारने २०२३ मध्ये अशा १३ क्लृप्त्यांची यादी करून त्यांना मनाई केली. वर्गणीचा सापळा त्यातलाच. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे पैसे कापण्याआधी २४ तास सूचनाही येते. येते, पण कर्जाच्या ऑफर आणि ओटीपींच्या गर्दीत. आपण ती न वाचताच बाजूला सरकवतो आणि देशाची डिजिटल अर्थव्यवस्था तेवढीच पुढे सरकते.