शंभरातून सात

पासष्टी उलटली की आपल्या मेंदूची काळजी आपण सोडून बाकी सगळ्यांना लागते. गुडघा दुखला तर लोक म्हणतात, "चालायचंच." पण एखाद्या जुन्या नटाचं नाव जिभेवर अडकलं, की सून मुलाकडे बघते, मुलगा मोबाइलकडे बघतो आणि दुसऱ्या दिवशी घरात अक्रोड येतात. अक्रोड मेंदूसारखा दिसतो म्हणून तो मेंदूला चांगला, असा सुनेचा युक्तिवाद आहे. या न्यायाने शेवग्याची शेंग कशाला चांगली, हे सुनेला विचारायची सोय नाही.

अक्रोडांपाठोपाठ सुडोकूचं पुस्तक आलं. हे कोडं जपानी असेल असं मी धरून चाललो होतो, पण ते मूळचं अमेरिकन. हॉवर्ड गार्न्स नावाच्या निवृत्त वास्तुरचनाकाराचं. 1979 मध्ये ते तिकडच्या कोड्यांच्या मासिकात 'नंबर प्लेस' नावाने छापून आलं, तेव्हा गार्न्स 74 वर्षांचा होता. 1984 मध्ये जपान्यांनी ते उचललं आणि त्याचं नव्याने बारसं केलं. 2004 नंतर ते जगभर पसरलं, तोवर गार्न्सला जाऊन पंधरा वर्षं झाली होती. आता बघा, चौऱ्याहत्तराव्या वर्षी ज्याचं डोकं इतकं चाललं, तो माणूस कोडी सोडवत बसला नव्हता. दुसऱ्याच्या डोक्याला ताप कसा द्यावा, याचा विचार करत होता.

हे मला ताबडतोब पटलं, कारण आमच्या आत्याचंही तेच आहे.

आत्या अठ्ठ्याऐंशीची. हयात सदाशिव पेठेत गेली, आता आमच्याकडे कोथरूडला असते. तिच्या डोक्यात अख्खं पुणं आहे, पण ते देवांच्या खुणांवर बेतलेलं. भिकारदास मारुती, पत्र्या मारुती, जिलब्या मारुती, खुन्या मुरलीधर, पासोड्या विठोबा... रस्त्यांना नावं असतात यावर तिचा विश्वास नाही. लंडनच्या टॅक्सीवाल्यांना परवान्यासाठी चेरिंग क्रॉसभोवतीचे सुमारे 25,000 रस्ते पाठ करावे लागतात. 2000 साली एलिनॉर मॅग्वायर या संशोधिकेने त्यांचे स्कॅन तपासले, तेव्हा जागा आणि वाटा लक्षात ठेवणाऱ्या हिप्पोकॅम्पसचा मागचा भाग त्यांच्यात इतरांपेक्षा मोठा आढळला. आत्याचा स्कॅन काढला तर त्यात कुठेतरी मारुती दिसेल याची मला खात्री आहे. गाडीत गुगलची बाई "उजवीकडे वळा" म्हणाली, की आत्या मागच्या सीटवरून "कशाला?" असं विचारते, आणि उत्तर येत नाही म्हणून त्या बाईला उर्मट ठरवते.

तरीसुद्धा मुलाने हट्टाने तिला स्मरणशक्तीच्या तपासणीला नेलं. मी सोबत होतो, कारण असली करमणूक आजकाल मिळत नाही.

या तपासणीची प्रश्नावली 1975 मध्ये अमेरिकेत फोलस्टीन दांपत्य आणि मॅकह्यू यांनी तयार केली. गुण 30. डॉक्टर वयाने आमच्या नातवंडांत शोभतील असे. त्यांनी विचारलं, "आजी, आज तारीख काय?"

"वैशाख वद्य अष्टमी."

डॉक्टरांनी मोबाइल काढला. हे उत्तर बरोबर की चूक, हे ठरवायला त्यांना जरा वेळ लागला.

"ऋतू कोणता?"

"पंचांगाप्रमाणे वसंत. पण तुमचा एसी बंद आहे, त्यावरून ग्रीष्म."

मग आला त्या परीक्षेतला नामांकित प्रश्न : शंभरातून सात वजा करा, उरतील त्यातून पुन्हा सात, असं करत जा. पाच वेळा झालं की थांबायचं असतं. आत्याने श्वास न घेता त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी, बाहत्तर, पासष्ट म्हटलं. डॉक्टर "पुरे" म्हणाले. आत्या थांबेना. ती थेट खाली उतरली आणि म्हणाली, "दोन उरले. पुढचे उसने घ्यावे लागतील." माझा मुलगा अमेरिकन बँकेचं सॉफ्टवेअर सांभाळतो. तो मनातल्या मनात एकोणऐंशीपर्यंत पोचला होता, हे त्याच्या ओठांवरून कळत होतं.

यात नवल नाही. आत्या पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी म्हणत मोठी झाली. औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा. अठरा रुपये किलोचे साडेतीन किलो कांदे घेतले, की भाजीवाला मोबाइलवर बोटं आपटेपर्यंत तिने त्रेसष्ट रुपये मोजून पाटीवर ठेवलेले असायचे, आणि वर कोथिंबीर मागितलेली असायची.

"हा कागद उजव्या हातात घ्या, मधोमध घडी घाला आणि जमिनीवर ठेवा," डॉक्टर म्हणाले. कागद घेतला. घडी घातली, अगदी काठाला काठ. पण जमिनीवर? "सरस्वती आहे ती. पाय लागेल कुणाचा." तिने तो टेबलावर ठेवला. एक गुण गेला. शेवटी मनाने एखादं वाक्य लिहायचं होतं. आत्याने लिहिलं : 'या तपासणीची फी किती ते आधी सांगावे.'

तीसपैकी एकोणतीस. सरस्वतीपायी.

आता माझी तक्रार. दुधाचा हिशेब पूर्वी आत्या कालनिर्णयच्या चौकटीत मांडायची : कुठे अर्धा लिटर जास्त, कुठे खाडा. महिनाअखेर गवळ्याशी रीतसर खटला चालायचा. मग मुलाने दूध ॲपवर नेलं. भाजी दहा मिनिटांत दारात येऊ लागली. फोन नंबर मोबाइलने घेतले, वाटा गुगलने, वाढदिवस फेसबुकने. "आता तुम्ही आराम करा" असं म्हणत म्हणत डोक्याला फुकट मिळणारा सगळा व्यायाम काढून घेतला, आणि रिकाम्या झालेल्या जागेत मेंदूच्या व्यायामाचं ॲप आणून बसवलं. सशुल्क! अशाच खेळांचे फुगवून दावे केल्याबद्दल लुमॉसिटी चालवणाऱ्या अमेरिकन कंपनीला 2016 मध्ये 20 लाख डॉलर मोजावे लागले. आमचा गवळी भांडायचे काही घेत नसे.

मी ही तक्रार मांडली की मुलगा 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाचा हवाला देतो. त्यांच्या आयोगाने 2024 मध्ये डिमेन्शियाचा धोका वाढवणाऱ्या 14 गोष्टींची यादी दिली. त्या सगळ्या दूर झाल्या तर सुमारे 45 टक्के रुग्णांत हा आजार टळू शकेल किंवा लांबेल, असा त्यांचा अंदाज आहे. मी यादी नीट वाचली. तीत अक्रोड नाहीत. रक्तदाब आहे, मधुमेह आहे, एकटेपणा आहे आणि, हे महत्त्वाचं, कमी ऐकू येणं आहे.

म्हणून आत्याला श्रवणयंत्र आणलं. यंत्र उत्तम आहे, फक्त त्याचं धोरण आत्या ठरवते. मुलगा प्रोटीनवर बोलायला लागला की ते बंद. स्वयंपाकघरात कुणी आवाज खाली आणला की चालू. तिच्या पाठीमागे बोलायची या घरात आता सोय राहिलेली नाही. पण माणसं सांभाळण्याचं तिचं खातं ॲपवर नेणं कुणालाच जमलेलं नाही. कुणाच्या मुंजीत काय दिलं, उलट काय आलं, कोण जेवायला थांबलं आणि कोण नुसतं पेढा तोंडात टाकून गेलं, हे तिला चार पिढ्यांचं तोंडपाठ आहे.

परवा व्हॉट्सॲपवर एका लग्नाची पत्रिका आली. नाचणारा गणपती, सनई वगैरे. वरपक्ष कोण, हे आम्हां कुणालाच लागेना. आत्याने चष्मा लावला, आडनाव वाचलं आणि म्हणाली, "1986 ची आपल्याकडची मुंज. यांनी स्टीलचा डबा दिला होता. झाकणाशिवाय."

"अगं आत्या, जाऊ दे आता," मी म्हणालो.

तिने यंत्र चालू केलं आणि फोन लावायला सांगितला. पलीकडे वराच्या आजी आल्या. दोघींनी एकमेकींच्या गुडघ्यांची, मोतीबिंदूंची आणि गेलेल्या माणसांची विचारपूस केली. आत्याने नवरदेवाला तोंडभरून आशीर्वाद दिला, सहकुटुंब येतो म्हणून सांगितलं, आणि मग अगदी मऊ आवाजात म्हणाली, "बरं का हो, तेवढं झाकण सापडलं असलं तर काढून ठेवा."

पलीकडून क्षणभर काही आलं नाही. मग त्या आजी म्हणाल्या, "ठेवते. पण येताना आमची पिशवी आणा."